दुखणं थांबल्यावर

वरकुटे, ता. इंदापूर
१८ ऑगस्ट १९९६

तीर्थरूप म्हाळसाअक्कास,

दादासोचा वाकून नमस्कार. दाजींना रामराम सांग, प्रतिक्षाला अनेक आशीर्वाद. आबा वयाच्या मानानं ठणठणीत आहेत, सारजा बरी आहे. माझं काय ते सांगायलाच हे पत्र लिहायला बसलोय.

तुझं कार्ड पोचलं. प्रतिक्षाचं जमलं हे आबांनी माझ्याकडून पुन्हा पुन्हा वाचून घेतलं. मुलगा फलटणकडचा, शाळेवर मास्तर, घरची माणसं साधी. पोरगी सांगवीपासून फार लांब जात नाही हे सगळ्यात बरं. लग्न वैशाखात धरताय तेही चांगलं, तोवर सगळ्यांची कामं उरकतात. मामा म्हणून चार दिवस आधी येऊन राहा असं तू लिहिलंस. अक्का, हे लिहायला लागतं का? उन्हाळ्याच्या सुट्टीत ती आमच्याकडं यायची. आमच्या घरात लेकरू म्हणून खेळलं ते तेवढंच. तिला बोहल्यापर्यंत मी न्यायचं हे तेव्हापासून ठरलेलं आहे. सारजा आतापासून रुखवतात काय मांडायचं ते बोलते.

मुलगा बघायला आला त्या दिवशी मी आलो नाही याचा तुला राग आलाय. दुकानात विहिरीवरची मोटार अर्धी उघडून पडली आहे असा निरोप मी धाडला होता. तो खरा नव्हता. त्या दिवशी मला सदऱ्याच्या बाहीत हात घालता येत नव्हता.

उजव्या कोपराच्या मागं जे हाड असतं, जिथं आपटलं की झिणझिण्या येतात, तिथली नस सुजली आहे. हात लावला तर सुतळीसारखी जाड लागते. तिथून जी आग निघते ती पार करंगळीच्या टोकापर्यंत जाते. कुणी निखाऱ्यावर फुंकर घालत बसावं तशी ती आग कमी-जास्त होते, विझत मात्र नाही. वारा लागला तरी दुखतं. सारजानं पांघरूण घातलं तरी दुखतं. मोटारीची तार गुंडाळताना हाताला जो हलका ताण लागतो तो मला आता झेपत नाही. इंदापूरचं दुकान अर्धा वेळ बंदच असतं.

आबा म्हणाले डाग देऊ. मेंढरं राखायच्या काळात त्यांनी कितीतरी जनावरांना आणि माणसांनाही डाग दिलेत हे तुला माहीत आहेच. विळा चुलीत घालूनही झाला होता. सारजा मध्ये उभी राहिली. "मामंजी, ह्यो हात तुमच्या मेंढीचा न्हाय," एवढंच म्हणाली. आबांनी विळा मुकाट्यानं राखेत ठेवला.

मग बारामतीचे एक डॉक्टर मिळाले. रमाकांत डॉक्टर म्हणून. सरकारी नोकरीत होते, आता निवृत्त होऊन घराच्याच पुढच्या खोलीत बसतात. त्यांनी आधी सूज उतरवायच्या गोळ्या दिल्या. त्या गोळ्यांनी आराम पडला, पण माझी साखर इतकी चढली की मला दवाखान्यात ठेवावं लागलं. गोळ्या कमी कराव्या लागल्या आणि आग पुन्हा होती तशी. आता ते सुया टोचतात आणि सुयांना वीज जोडतात. इलेक्ट्रो-ॲक्युपंक्चर म्हणतात त्याला. चीनकडची विद्या आहे. केसाएवढ्या सुया असतात, टोचलेल्या कळतही नाहीत. त्यांना बारीक चिमटे लावून एका डबीतून करंट सोडतात. सारजाला वाटलं मी जळून मरणार. मी आयुष्यभर करंटशीच खेळलोय, मला भीती वाटली नाही. नवल एकाच गोष्टीचं वाटलं. दुखतोय हात आणि जास्तीच्या सुया टोचतात गुडघ्याखाली, नडगीच्या बाजूला. पोटरी आपोआप उडते, ठेका धरल्यासारखी.

दर आठवड्याला जायचं आहे. बारामतीच्या स्टँडवर उतरलो की फलटणची गाडी लागलेली दिसते, ती सांगवीवरूनच जाते. तुझ्याकडं यावंसं वाटतं. अजून आलो नाही. हे दुखणं कशानं उठलं, त्याच्या आधी मी कुठल्या गोळ्यांचा मोठा कोर्स केला, ते पत्रात नको. गेल्या खेपेला तू म्हणालीस, दादासो काळा पडलास. उन्हानं, असं मी म्हणालो होतो. तेही भेटल्यावर बोलू.

प्रतिक्षाला सांग, मामा हाताची दुरुस्ती करून घेतोय.

तुझा
दादासो


वरकुटे
२० नोव्हेंबर १९९६

ती. अक्कास,

नमस्कार. भाऊबीजेहून आम्ही सुखरूप पोचलो. तू दिलेल्या करंज्या आबांनी दुधात भिजवून खाल्ल्या.

आधी चांगलं सांगतो. आग निम्म्यावर आली आहे. हे मी तुला बरं वाटावं म्हणून लिहीत नाही. सुयांचे पहिले काही आठवडे काहीच फरक नव्हता, मी सोडूनच देणार होतो. मग एके दिवशी बारामतीहून येताना गाडीत मला झोप लागली, इतकी की कंडक्टरनं इंदापुरात हलवून उठवलं. सारजा म्हणाली, किती महिन्यांनी तुमच्या कपाळावरची आठी गेली. परवा मी एक छोटी मोटार पूर्ण गुंडाळली. वेळ लागला, पण गुंडाळली.

भाऊबीजेला तू निरांजन घेऊन ओवाळत होतीस. तू माझ्या तोंडाकडं बघत नव्हतीस, हाताकडं बघत होतीस. तुमच्याकडं कुणीतरी काहीतरी सांगितलं आहे हे मला तेव्हाच कळलं. नंतर दाजींशी अंगणात दोन शब्द झाले, ते असू दे. पण तुला दुसऱ्याच्या तोंडून कळलं याचं मला वाईट वाटतं. आता माझ्याकडून ऐक.

मला कुष्ठरोग झाला होता. आपल्याकडं ज्याला म्हारोग म्हणतात तो. दंडावर एक फिकट चट्टा होता, तिथं चिमटा काढला तरी कळायचं नाही. मी शिबं, घामानं उठतात ते पांढरे डाग, समजून सोडून दिलं. इंदापूरला तपासणीला माणसं आली होती, त्यांनी धरलं. मग महिन्या-महिन्याच्या पाकिटातल्या गोळ्या सुरू झाल्या. त्यांनीच अंग काळवंडलं, उन्हानं नाही. कोर्स पुरा झाला आहे. रमाकांत डॉक्टरांनी नोकरीभर याच रोगाची माणसं पाहिली आहेत. ते सांगतात की गोळ्या सुरू झाल्यावर थोड्याच दिवसांत माणसापासून दुसऱ्याला होण्याचं भय जातं. सारजाची तपासणी झाली, आबांची झाली. कुणाला काही नाही. माझ्या अंगातले जंतू मेलेत.

तुला वाटेल, जंतू मेले तर दुखणं कसलं? मलाही हेच पडलं होतं. मी डॉक्टरांना विचारलं. ते शांतपणे सांगतात, घाई करत नाहीत. त्यांनी सांगितलं ते मला जसं समजलं तसं लिहितो.

आपल्या रक्तात राखणदार असतात. बाहेरचं काही अंगात शिरलं की ते धावून जातात. यालाच प्रतिकारशक्ती म्हणतात. हे जंतू नसांच्या आत घर करून राहतात. ते मेले तरी त्यांचे तुकडे नसेत पडून राहतात. राखणदारांना जिवंत काय आणि मेलेलं काय ते कळत नाही. ते त्या तुकड्यांवर तुटून पडतात आणि त्यात नसच सुजते, चेपते, जळते. म्हणजे मला आता रोग खात नाही, माझे राखणदारच खातात. तांब्याच्या तारेवर वार्निशचं पातळ कवच असतं ना, ते गेलं की मोटार आतल्या आत जळते. माझ्या कोपरात तसंच चाललंय असं मी म्हणालो. डॉक्टर म्हणाले, बरंचसं तसंच.

आणि सुया? सुयांनी दुखणं दबतं हे त्यांनी पुष्कळ रोग्यांत पाहिलं आहे. का दबतं याबद्दल ते जपून बोलतात. करंट पायातल्या नसेतून वर मेंदूकडं निरोप नेतो, तिथून तो निरोप सगळ्या अंगात फिरतो आणि राखणदारांचा जोर कमी होतो, सूज ओसरते, असं काही जणांना वाटतं म्हणे. मी म्हणालो, म्हणजे सुया राखणदारांना आवरतात. ते म्हणाले, "कदाचित. दादासो, कदाचित हा शब्द सोडू नका. याचा पुरावा अजून कच्चा आहे. तुमच्या साखरेमुळं माझ्या हातात दुसरं फारसं काही उरलेलं नाही, म्हणून मी हे करतोय."

अक्का, मी तो शब्द सोडला नाही. पण झोप लागते हे तर खरं आहे ना?

ते दर खेपेला माझी दोन बोटं फाकवून त्यांच्यात कागदाची पट्टी धरायला सांगतात आणि हलकेच ओढतात. डाव्या हातात पट्टी फाटेल पण सुटत नाही. उजव्यातून ती निघून येते. परवा आली तेव्हा त्यांनी ती घडी करून खिशात ठेवली. मी मनाशी म्हटलं, आग कमी होतेय, जोर मागाहून येईल.

दाजींना एकदा डॉक्टरांकडं घेऊन ये. माझ्यावर नको, त्यांच्यावर विश्वास ठेवा. प्रतिक्षाच्या सोयऱ्यांना यातलं काही सांगायचं की नाही ते तुम्ही दोघं ठरवा, मी ऐकेन. वैशाखाला अजून वेळ आहे. तोवर दुखणं पूर्ण थांबेल असं मला वाटतंय.

या पत्राला उत्तर लिही. दोन ओळी लिही, पण लिही.

दादासो


वरकुटे
१४ एप्रिल १९९७

अक्का,

दुखणं थांबलं.

हे तुला जानेवारीतच कळवायचं होतं. संक्रांतीनंतर एका सकाळी उठलो आणि कोपर लाकडाच्या ओंडक्यासारखं शांत होतं. दिवसभर वाट बघितली. आग आली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. सारजानं गार पाण्यात हात घालायला लावला, मग वाऱ्यात धरायला लावला. काही नाही. ती चुलीपुढं बसून रडली. आबा आपल्या देवाला, बिरोबाला नारळ फोडून आले.

तुझं उत्तर आलं नव्हतं. तरी म्हटलं, आता पत्र कशाला लिहायचं, तोंडानंच सांगू. डॉक्टरांकडं जायच्या दिवशी मी इंदापुरात पेढे घेतले, एक पुडा त्यांना आणि एक तुला. बारामतीत त्यांना दाखवायचं आणि तिथूनच फलटणची गाडी पकडून सांगवीला यायचं असं ठरवून निघालो. नवा सदरा घातला होता. गाडीत भेटेल त्याच्याशी बोलत होतो.

डॉक्टरांनी पेढा घेतला, तोंडात घातला नाही. टेबलावर ठेवला. मला डोळे मिटायला सांगितले आणि टोकदार कशानं तरी हाताला स्पर्श करत गेले. कळलं की हो म्हणा, असं म्हणाले. अंगठ्यावर मी हो म्हणालो. पहिल्या बोटावर हो म्हणालो. मग खोलीत बराच वेळ काहीच झालं नाही. मला वाटलं ते थांबलेत, काहीतरी लिहीत असतील. मी डोळे उघडले तर ते माझ्या करंगळीला टोचत होते. टोकाला रक्ताचा थेंब आला होता.

त्यांनी कापसानं तो टिपला आणि मग सांगितलं. नस गेली. जिवंत असते तोवर नस ओरडते. ओरडायचं थांबली याचे दोन अर्थ होतात आणि माझ्या बाबतीत दुसरा आहे.

मी त्यांना विचारलं, "मंजी डॉक्टर, सुयांनी थांबलं का नस मेली म्हणून थांबलं?"

ते म्हणाले, "ते मला सांगता येत नाही, दादासो. आधी जो आराम पडला तो सुयांचा असावा असं मला वाटतं. राखणदार थोडे शांत झालेही असतील. पण नसेचं जे व्हायचं ते त्याच्या आधीच झालं असेल, किंवा आपण दुखणं दाबत होतो तेव्हा आत ते चालूच असेल. मला माहीत नाही."

मला त्यांचा राग आला नाही. त्यांनी मला कधी खोटी आशा दाखवली नव्हती. ती मीच धरली होती.

स्टँडवर आलो. फलटणची गाडी उभी होती. कंडक्टर सांगवी सांगवी ओरडत होता. मी बाकावर बसून राहिलो, ती गेली. मग इंदापूरची गाडी धरली. पेढ्यांचा तुझा पुडा सारजानं पिशवीतून काढला, माझ्याकडं बघितलं आणि शेजारच्या पोरांना वाटून टाकला.

आता हात कसा आहे ते सांगतो. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट आत वळलंय, पंजा मिटत आल्यासारखा. सरळ करायला गेलो तर दुसऱ्या हातानं करावी लागतात, सोडली की पुन्हा वळतात. अंगठ्याजवळचं मांस बसलंय. बघणाऱ्याला लगेच कळतं. आपल्या मुलखात हा हात कशाचा ते लहान पोरगंसुद्धा ओळखतं.

तरी मी दुकान उघडत होतो. तार गुंडाळायला जमेना, म्हणून वायरींना सोल्डरचा डाग लावायची, टोकं जोडायची कामं घेत होतो. फेब्रुवारीच्या शेवटी एक ओळखीचा बागायतदार मोटार घेऊन समोर बसला होता. मी टोकं जोडत होतो. तो म्हणाला, "मिस्त्री, कायतरी जळतंय." मी मोटारीत वाकून बघितलं. वायर बघितली, बटण बंद केलं. तो म्हणाला, "आवो मोटार न्हाय. तुमचा हात."

तापलेली सोल्डरिंगची सळई माझ्या तळहाताच्या कडेला टेकून पडली होती. कातडं पांढरं होऊन वर आलं होतं. मला त्या माणसाच्या तोंडावरून कळलं, हातावरून नाही. त्यानं आधी माझा हात ओढून बाजूला केला, भला माणूस. मग त्यानं माझी वळलेली बोटं बघितली. मग त्यानं आपला हात धोतराला पुसला. मोटार उचलून घेऊन गेला, परत आणतो म्हणाला. त्यानंतर दुकानाकडं फारसं कुणी आलं नाही. गुढीपाडव्याच्या आधी मी कुलूप लावलं. आबांनी चार शेळ्या घेतल्यात, त्यांच्यामागं जातो. आबांना बरं वाटतं, पोरगा पुन्हा जनावरांत आला म्हणून.

जखम भरत नाही लवकर. दुखत नाही म्हणून मी तिला विसरतो. सारजा रोज संध्याकाळी माझे दोन्ही हात कंदिलाजवळ धरून बघते, कुठं कापलंय का, भाजलंय का. माझ्या वाटचं दुखणं आता ती बघते.

आणि अक्का, डावं कोपर दुखायला लागलंय.

तीच आग. तशीच, निखाऱ्यावर फुंकर घातल्यासारखी. डॉक्टरांकडं गेलो होतो. त्यांनी पुन्हा सुया सुरू केल्यात, थोड्या गोळ्याही, साखर सांभाळून. ते कदाचितही म्हणाले नाहीत या वेळी. फक्त म्हणाले, लवकर आलात, बरं केलंत. टोचलेली प्रत्येक सुई कळते त्या हातात. मी डबीचा ठोका ऐकत पडून राहतो आणि आग आहे का ते बघतो. आहे असं कळलं की बरं वाटतं, आणि लगेच वाटतं, बरं कशाचं वाटतंय. सारजा विचारते, कमी हाय का?

आता मूळ गोष्ट.

परवा पत्रिका आली. पोस्टानं आली. सख्ख्या भावाच्या घरी पत्रिका अक्षता घेऊन माणूस देतो. आबांनी विचारलं, तात्याबा जावाय आलं न्हाईत व्हय? मी सांगितलं, लग्नघरात माणसं कमी पडतात. पत्रिकेत मामा म्हणून आपल्या चुलतभावाचं, गेणूचं नाव वाचलं. आबांना वाचून दाखवताना त्या जागी मी माझं नाव वाचलं.

तुला एक सांगायचं राहिलं होतं. भाऊबीजेला दाजींनी मला अंगणात, हौदापाशी नेलं. चांगल्या शब्दांतच बोलले. म्हणाले, "दादासो, तुमचं दुखणं पुरतं थांबू द्या. हात धड दिसू द्या. मग या लग्नाला, मी सवता न्यायला येतो. न्हायतर पोरीचं मोडंल. माझ्या जागी तुमी असता तर काय केलं असतं?"

मी व्हय म्हणालो. त्यांच्या जागी मी असतो तर काय केलं असतं ते मला खरंच माहीत नाही.

आणि ते बोलत होते तेव्हा तू दाराआड उभी होतीस. तुझ्या बांगड्या वाजल्या. दाजींनी ऐकल्या नाहीत, मी ऐकल्या. मी थांबलो थोडा वेळ, तू बाहेर येशील म्हणून. मग चपला घातल्या. हे मी तुला बोल लावायला लिहीत नाही. तुझ्या एका हातात पोरगी होती आणि दुसऱ्या हातात मी. पोरगीच धरायची. आपली आई असती तरी तिनं तुला हेच सांगितलं असतं. मी एवढंच सांगतोय की तू तिथं होतीस हे मला माहीत आहे. म्हणजे तुला एकटीला ते धरून बसायला नको.

दाजींनी दोन गोष्टी मागितल्या होत्या. त्यातली एक झाली, दुखणं थांबलं. दुसरी आता होणार नाही. म्हणून मी येत नाही. न्यायला कुणी आलं तरी येणार नाही. सारजाही येणार नाही, ती माझ्या आधी तसं म्हणाली. आबांना मी त्या दिवशी काय सांगायचं ते बघतो. एसटीचा संप आहे म्हणेन.

गेणूला काही गोष्टी सांग, त्याला माहीत नसणार. प्रतिक्षाला गर्दीत घाबरायला होतं, तोंडावर दाखवत नाही पण तिचे तळहात घामानं ओले होतात. बोहल्याकडं नेताना तिचा हात धरू नको म्हणावं, निसटतो. दंडाला धरायचं, घट्ट नाही, ती चालते आहे तेवढ्यानंच. लहानपणी जत्रेत मी तिला तशीच धरायचो, मग ती चालायची. अंतरपाटाशी पोचली की लगेच सोडून मागं सरकू नको, तिला कळू दे की मागं कुणीतरी आहे. मंगलाष्टकं लांबली तर ती डावा पाय उजव्यावर ठेवून उभी राहते, तेव्हा तिला तोल सांभाळायला आधार लागतो. एवढंच. बाकी मामाला फार काही करायचं नसतं.

ती माझं विचारेल. आजारी आहे सांगू नकोस, लग्नाच्या दिवशी रडेल. कामात अडकला सांग. राग येईल तिला, येऊ दे. राग येऊन नांदायला गेलेली बरी. पुढं कधी खरं कळलं तर तेव्हा तिची तिला समज आलेली असेल. तिच्या मास्तर नवऱ्यालाही शाळेत या रोगाचा धडा कधीतरी शिकवावा लागेलच.

मी वैशाखात बारामतीला जाईन तेव्हा लग्न होऊन गेलेलं असेल. डॉक्टरांच्या खोलीत झोपून पोटरी उडताना बघत असेन. डावा हात राहील अशी त्यांनाही खात्री नाही, मलाही नाही. राहिला तर शेळ्या राखीन. नाही राहिला तरी शेळ्याच राखीन.

पाकिटावर पाठवणाऱ्याचं नाव मी मुद्दाम घातलेलं नाही. तुमचा पोस्टमन अंगणातूनच नाव वाचून हाक मारतो, आणि आता तुमच्याकडं पाहुणे असतील. पत्त्यावरचं अक्षर बघून हे कुणाचं म्हणून तू थांबली असशील. माझंच आहे. बोटं वळल्यापासून असं येतं.

तुझ्या पाठचा,
दादासो